परसात पक्षी यायला हवेत? मग दाण्याची पिशवी आधी बाजूला ठेवा

दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्याकडे एवढे पक्षी कसे येतात, घालता तरी काय?" आणि खरं उत्तर असंय की फारसं काही घालत नाही. पण हे कळायला मला दोन वर्षं आणि शेजाऱ्यांशी एक चांगलं कडाक्याचं भांडण एवढं लागलं, म्हणून जे नव्यानं सुरू करतायत त्यांच्यासाठी सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

आमचं घर साताऱ्यात, तळमजल्यावर. मागं साधारण २० बाय ३० फुटांचं परस. त्यात एक जुना कढीपत्ता, एक पेरू, मेंदीचं कुंपण, कपडे वाळत घालायची तार आणि सासूबाईंची तुळस. बास. मी काय केलं, तर सगळे करतात तेच, ऑनलाइन प्लास्टिकचा फीडर मागवला, पाच किलो बाजरी आणली, फीडर पेरूला टांगला आणि चहा घेऊन खिडकीत बसले. तीन दिवस कुणी नाही. चौथ्या दिवशी दोन पारवे आले, मला काय आनंद! पंधरा दिवसांत तीस-चाळीस झाले. शेजारच्या काकूंच्या गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळत घातलेले, त्यावर हे सगळे जाऊन बसायला लागले, मग काकू कुंपणाशी येऊन "अहो, तुमची कबुतरं जरा आवरा" म्हणाल्या. माझी कबुतरं! वर खाली सांडलेल्या बाजरीवर रात्री उंदीर. आणि एवढ्या सगळ्यात बुलबुल जे आधी रोज यायचे तेही यायचे बंद झाले.

तेव्हा पहिला धडा हाच. दाणे टाकले की कबुतरं येतात. बाकीचे पक्षी पाण्याला, झुडपांना आणि किड्यांना येतात.

आधी काय काय लागतं

- मातीची पसरट थाळी. कुंभाराकडे परळ म्हणून मागा, नाहीतर मोठ्या कुंडीखालची ताटली चालते
- चार-पाच खडबडीत दगड, दोन विटा
- थाळी घासायला नारळाची शेंडी
- एक वही आणि पेन
- दुर्बीण असली तर छान, नसली तरी अडत नाही. घ्यायचीच तर ८ बाय ४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, घ्या. जास्त झूम बरा म्हणून लोक मोठी घेतात आणि मग हात हलतो, पक्षी सापडायच्या आत उडून जातो
- घरातल्यांची परवानगी. हे मस्करीत नाही लिहिलं, पुढे कळेल

फ्लॅटमध्ये असाल तर सोसायटीत आधी बोलून घ्या, विशेषतः खालच्या मजल्यावरच्यांशी. पाणी गळणं आणि शिट, या दोन गोष्टींवरून जेवढी भांडणं होतात तेवढी पार्किंगवरूनही होत नसतील.

१. आठ दिवस नुसतं बघा

काहीही आणायच्या आधी सकाळी सहा ते आठमध्ये वीस मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं बसा. कोण येतं, कुठं बसतं, कुठून येतं ते वहीत लिहा. नाव माहीत नसलं तर "काळा, शेपटी वर, पांढरा पट्टा" असं लिहा, चालतंय. माझ्या वहीत तो पांढऱ्या पट्ट्याचा काळा पक्षी महिनाभर तसाच होता, नंतर कळलं दयाळ. मार्चपासून पहाटे अँटेनावर बसून जो शीळ घालतो तो हाच, आणि राखाडी दिसते ती त्याची मादी.

नवीन माणसाची फसगत नर-मादीतच जास्त होते. कोकीळ नर काळाभोर, मादी तपकिरी आणि अंगभर ठिपके, बघून वाटतं हा कुठला तरी वेगळाच पक्षी. जांभळा शिंजीर, ज्याला सूर्यपक्षी पण म्हणतात, त्याचा नर विणीच्या दिवसांत उन्हात चकाकतो आणि नंतर तोच मादीसारखा फिका पिवळट होतो, फक्त गळ्यापासून छातीवर मधोमध एक गडद रेघ राहते. मी एकाच पक्ष्याची दोन नावं लिहून ठेवली होती.

२. पाणी. इथं कंजुषी नको, आळस तर अजिबात नको

एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. दाणे फक्त दाणे खाणाऱ्यांना लागतात, पाणी सगळ्यांना लागतं, किडे खाणाऱ्या शिंपी पक्ष्याला पण आणि फळं खाणाऱ्या तांबट पक्ष्यालाही.

थाळी उथळ पाहिजे. मधोमध एक-दीड इंच पाणी, कडेला त्याहून कमी. लोक बादली नाहीतर खोल वाडगा ठेवतात, लहान पक्ष्याला त्यात पाय टेकत नाहीत, मग तो काठावरून एक घोट घेऊन जातो, अंघोळ करत नाही, आणि खरी मजा अंघोळीतच आहे. प्लास्टिक आणि स्टील गुळगुळीत असतं, पाय घसरतात. माझ्याकडे स्टीलचंच होतं सुरुवातीला, एप्रिलच्या दुपारी त्यात हात घालून बघितला तर चहा होईल इतकं गरम! मातीचंच घ्या. त्यात एक-दोन खडबडीत दगड असे ठेवा की त्यांचं डोकं पाण्याच्या वर राहील.

जागा कुठली? सावलीत, आणि झुडपापासून सहा-सात फुटांवर. अगदी झुडपाला चिकटून ठेवलं तर मांजर आत दबा धरून बसतं, अगदी उघड्यावर ठेवलं तर ओला झालेला पक्षी, ज्याला धड उडता येत नाही, तो शिक्र्याच्या, म्हणजे छोट्या शिकारी पक्ष्याच्या, तावडीत सापडतो. वर एखादी फांदी असली तर उत्तम, पक्षी आधी तिथं बसून चारी बाजू बघून घेतो मगच उतरतो. फांदी नव्हती म्हणून मी एक वाळलेली काटकी कुंडीत रोवली. कोतवाल पक्षी रोज तिच्यावर बसतो.

पाणी रोज बदलायचं. रोज म्हणजे रोज. डेंग्यूच्या डासांना अळीपासून डास व्हायला आठवडाभर पुरतो, आणि नगरपालिकेचा माणूस अळी बघायला आला की तुमच्या पक्षीप्रेमाचं कौतुक करणार नाही. थाळी दोन दिवसांनी नारळाच्या शेंडीनं खरवडायची, साबण नाही लावायचा. शेवाळ धरलं तर दोन तास कडक उन्हात पालथी घाला.

किती दिवसांत येतील? आमच्याकडे पहिला बुलबुल नवव्या दिवशी आला. साळुंक्या त्याआधीच, त्यांना कुणाचं निमंत्रण लागत नाही. चष्मेवाले, ते हिरवट-पिवळे छोटे, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले, त्यांना चार महिने लागले पण येतात तेव्हा आठ-दहा मिळून येतात आणि थाळीत नुसता दंगा. बाल्कनीत थोडा जास्त वेळ लागतो, जागा मात्र सारखी बदलू नका.

३. एक कोपरा घाण राहू द्या

यावरून घरात सगळ्यात जास्त वाद झाले. सासूबाईंना अंगण झाडलेलं पाहिजे, आणि त्यांचंही बरोबर आहे. शेवटी तह झाला, पुढचं अंगण त्यांचं, मागचा दहा फुटांचा कोपरा माझा.

त्या कोपऱ्यात पालापाचोळा उचलायचा नाही, तण उपटायचं नाही, गवत कापायचं नाही, जाळणं तर नाहीच. पाचोळ्याखाली किडे, गांडुळं, कोळी येतात. मग सातभाई येतात, घोळक्यानं, एकेक पान उलटून बघत आणि सतत एकमेकांशी भांडल्यासारखं बोलत. खरंच सातच असतात असं नाही, मी पाचही मोजलेत आणि अकराही. भारद्वाजही तिथंच चालत येतो. तो दिसला की दिवस चांगला जातो असं आमच्याकडे मानतात, म्हणून त्याच्यामुळे सासूबाईंचा विरोध बराच मावळला हेही सांगून टाकते.

कीटकनाशक मारायचं बंद करा. एवढंसं पेस्ट कंट्रोल करून काय होतंय असं वाटतं, पण चिमणी दाणे खाणारी असली तरी पिल्लांना अळ्या आणि किडेच भरवते. जास्वंदीवर मावा पडला तर पाण्याचा जोरात फवारा मारा किंवा थोडे दिवस वाट बघा, शिंपी आणि चष्मेवाले बरंचसं काम करतात.

कोळ्याची जाळी सगळी काढू नका. शिंपी पानं शिवतो आणि शिंजीर लोंबतं घरटं बांधतो त्याला ही जाळी लागतात, त्यांचा तोच दोरा आणि तोच डिंक. मी गॅलरीच्या एका कोपऱ्यातली जाळी ठेवते, आलेले पाहुणे बघतात, बघू देत.

आणि एक टोपलीभर कोरडी भुसभुशीत माती उन्हात मोकळी ठेवा. चिमण्या मातीत अंघोळ करतात, पाण्यापेक्षा जास्त आवडीनं.

४. झाडं लावताना

नर्सरीत गेलात की सुंदर दिसणारी, वर्षभर हिरवी, किड न लागणारी झाडं दाखवतात. ज्या झाडाला कीड लागत नाही त्यावर पक्ष्याला खायला काही नसतं, हे तिथं कुणी सांगत नाही.

मधासाठी: जास्वंद साधी एकेरी पाकळ्यांची घ्या. अडुळसा, डाळिंब, शेवगा, हमेलिया. कोरफडीला दांडा येऊन फुलं लागली की शिंजीर त्यावर येतो, ती तर बहुतेकांच्या घरी असतेच. जागा मोठी असेल, गावाकडे शेत असेल, तर पांगारा, पळस आणि काटेसावर. फुललेल्या काटेसावरीखाली फेब्रुवारीत अर्धा तास उभं राहा, मी आणखी काही सांगायची गरज नाही.

फळांसाठी: कढीपत्ता. लोक पानं खुडून खुडून त्याला फळ येऊच देत नाहीत. एखादी फांदी सोडून द्या, काळी फळं धरली की कोकीळ आणि बुलबुल तुटून पडतात. पेरू, तुती, कडुनिंब हे आहेतच. सिंगापूर चेरी परदेशी झाड, पण दोन-तीन वर्षांत फळाला येतं आणि वर्षातले बरेच महिने फळतं, त्यामुळे लहान परसात मी त्याच्यावर नाक मुरडत नाही. फुलटोच्या, तांबट, बुलबुल, सगळे तिथं. उंबर मात्र घराला लागून लावू नका, मुळं भिंतीत शिरतात. घाणेरीला पक्षी येतात म्हणून ती लावा असं कुणी सांगेल, नका लावू, बिया पक्षीच पसरवतात आणि डोंगर तिनं आधीच भरलेत.

आडोशासाठी: मेंदीचं दाट कुंपण. आमच्याकडे बुलबुलाची घरटी त्यातच होतात. आणि इथं माझी सगळ्यात मोठी चूक सांगते. जूनच्या सुरुवातीला पाऊस पडायच्या आत कुंपण छाटून घेऊ म्हणून माणूस लावला, मी आत स्वयंपाकात, आणि अर्ध्या तासानं त्यानं हाक मारली तेव्हा घरटं उघडं पडलेलं, आत तीन पिल्लं. घरटं होतं तिथंच होतं पण वरचा आडोसा गेला. आई-बाप येत राहिले दिवसभर. दुसऱ्या दिवशी सकाळी कावळ्यानं घरटं रिकामं केलं. कावळ्याची काही चूक नाही, त्यालाही पिल्लं असतात. तेव्हापासून छाटणी दिवाळीनंतर, आणि तीही फांद्या हातानं बाजूला करून बघितल्याशिवाय नाही.

बाल्कनीवाल्यांनी निराश होऊ नये. चार-पाच कुंड्या पुरतात: एक जास्वंद, एक कोरफड, एक मोठ्या पानांचं काहीतरी आणि एक कुंडी मुद्दाम न निगराणीची. टांगत्या कुंडीत होला, कबुतराच्या जातीचा छोटा पक्षी, चार काड्या टाकतो आणि त्यालाच घरटं म्हणतो, त्याला हाकलू नका. कडेकडेनं पाणी घालत राहा, महिन्याभरात सगळं आटोपतं.

५. दाणे घालायचेच असतील तर

मी अजिबात घालू नका म्हणत नाही. आधी चिमण्या घरोघरी का यायच्या, तर बायका अंगणात सूप घेऊन पाखडायच्या, कण्या खाली पडायच्या आणि काम संपलं की संपलं. तेवढंच करा. एक मूठ, ठरलेल्या वेळेला, अर्ध्या तासात संपेल एवढं. उरलेलं झाडून घ्या. तांदळाच्या कण्या, बाजरी, राळा. राळ्याला मुनिया येतात. पपईची फोड, जास्त पिकलेलं केळं, पेरू हे खिळ्याला अडकवून ठेवा, बुलबुल आणि तांबट येतात आणि पारवे त्याच्या वाटेला जात नाहीत.

फरसाण, बिस्किटं, पाव, तेलकट काही नको. पावसाळ्यात दाणे पूर्ण बंद, ओल्या दाण्याला बुरशी धरते, शिवाय तेव्हा बाहेर किड्यांची रेलचेल असते. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीला पंख फुटून ती उडायला लागते ना, त्या वेळी एक दिवस दिवे बंद करून बाहेर बघा. चिमणीपासून कोतवालापर्यंत सगळी पंगत असते.

पारव्यांना दाणे घालणं पुण्याचं काम आहे असं मानणारे घरात असतील तर वाद घालून उपयोग नाही हे मला माहितीय. पण सुकलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं फुफ्फुसाचा आजार होतो, घरात दमेकरी असेल तर विशेष जपायला पाहिजे. २०२५ मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून बंद केला तेव्हा केवढं रण पेटलं ते सगळ्यांनी बघितलं. आमच्याकडे फीडर काढल्यावर पारवे जायला दीड महिना लागला.

६. लाकडी खोपा

घरटं म्हणून जे विकतात त्यातले निम्मे शोभेचे असतात. बघून घ्यायच्या गोष्टी:

- चिमणीसाठी भोक ३२ मिलिमीटर, म्हणजे साधारण सव्वा इंच. माझ्या पहिल्या खोप्याला दोन इंचाचं होतं, साळुंकीनं दोन दिवसांत ताबा घेतला
- भोकाखाली बसायला दांडी नको. चिमणीला लागत नाही, त्रास द्यायला येणाऱ्यांना मात्र सोयीची पडते
- लाकूड साधं, आतून रंग नाही. पत्रा आणि प्लास्टिक उन्हात भट्टी होतात
- तळाला तीन-चार बारीक भोकं, पाणी निघून जायला
- भिंतीवर आठ-दहा फुटांवर घट्ट ठोकायचा, दोरीला लोंबता नको
- तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेला दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही

चिमण्यांना शेजार लागतो, म्हणून एकाऐवजी दोन-तीन जवळजवळ लावा. पण तुमच्या गल्लीत चिमणी मुळातच दिसत नसेल तर खोपा लावून ती येणार नाही, आधी पायरी तीन आणि चार करा.

न सांगता होणारी घरटी वेगळीच. आमच्या कपड्यांच्या तारेवर एका मार्चमध्ये शिंजीर मादीनं लोंबतं घरटं बांधलं. एकटीच बांधत होती, नर नुसता आजूबाजूला गात हिंडायचा (यावर घरात बोलून झालंय). महिनाभर आम्ही ओले कपडे गच्चीवर नेले. घरातल्यांची परवानगी लागते म्हटलं ते यासाठी.

घरट्याचे जवळून फोटो काढू नका, फांद्या बाजूला करून रील तर अजिबात नको. तुम्ही दोनदा तिथं गेलात की कावळा आणि मांजर दोघांनाही पत्ता कळतो.

७. जिथं जीव जातो त्या जागा

मांजर पाळलेलं असेल तर पहाटे आणि संध्याकाळी आत ठेवा. मोठ्या काचेत आकाश दिसतं आणि पक्षी आदळतात, काचेला बाहेरून ठिपके किंवा पट्ट्या चिकटवा, दोन-दोन इंचांवर, एखादंच स्टिकर लावून काही होत नाही. गाडीच्या आरशाशी दयाळ किंवा बुलबुल भांडत असेल तर त्याला प्रतिस्पर्धी दिसतोय, आरशाला जुना मोजा घाला. संक्रांतीनंतर झाडांवर अडकलेला मांजा काठीनं काढून टाका, नायलॉनचा तर विकायलाच बंदी आहे तरी दर वर्षी सापडतो. आणि घरात चिमण्यांचं येणं-जाणं असेल तर पंखा लावायच्या आधी वर बघायची सवय.

पोपट किंवा मुनिया पकडून, विकत घेऊन पिंजऱ्यात ठेवणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. "आम्ही प्रेमानं ठेवतो" हे तिथं चालत नाही.

८. पिल्लू खाली सापडलं तर

मे-जूनमध्ये हमखास होणार. पिसं फुटलेली असतील, टुणटुण उडत असेल, शेपूट आखूड असेल, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. आई-बाप जवळच असतात, तुम्ही उभे आहात म्हणून येत नाहीत. रस्त्यात असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब जा. अगदी उघडं, पिसं नसलेलं असेल आणि घरटं दिसत असेल तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते हे खरं नाही, बिनधास्त ठेवा.

चोचीत पाणी, दूध घालू नका, श्वासनळीत जातं. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

९. वही पुढे चालू ठेवा

मर्लिन नावाचं ॲप फुकट आहे, आवाजावरून पक्षी सुचवतं. सुचवतं असं म्हणतेय, ते म्हणालं म्हणून लगेच लिहून टाकू नका, पक्षी डोळ्यांनी दिसला तरच लिहा. यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकता येते. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजतात, त्यात पंधरा मिनिटांची यादी पण चालते. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. नवीन माणसाला नोव्हेंबर एरवीही चांगला, तोपर्यंत धोबी आणि थिरथिरा असे हिवाळी पाहुणे पक्षी पोचलेले असतात. थिरथिरा आमच्या मागच्या भिंतीवर येतो, शेपटी सारखी थरथरवत. गेल्या तीन वर्षांच्या माझ्या नोंदी ऑक्टोबरच्या ९, १४ आणि ११ तारखेच्या आहेत. या वर्षी तारीख काकूंनी आधी सांगितली, कुंपणावरून.